पुढचा एक्सल शाफ्ट पुन्हा पुन्हा तुटतोय: मजबूत शाफ्ट मागवण्याआधी काय तपासायचं

ऑफरोड गाडीचा पुढचा एक्सल शाफ्ट एकदा तुटला तर तो छंदाचा खर्च समजायचा. त्याच बाजूचा दुसऱ्यांदा तुटला, तर दोष शाफ्टच्या बाहेर कुठेतरी आहे असं धरून शोधायला लागायचं. माझ्याकडे अशा गाड्या सतत येतात. बहुतेकांचं क्रोमोली (क्रोमियम-मॉलिब्डेनमच्या पोलादाचा) शाफ्ट घ्यायचं आधीच ठरलेलं असतं, फक्त बसवून हवा असतो. कधीकधी तो निर्णय बरोबरच असतो. पण पुष्कळदा खाली शिरल्यावर स्टिअरिंगचा स्टॉप बोल्ट (चाक किती वळेल ते अडवणारा), सैल हब किंवा वाकलेली एक्सल ट्यूब हे कारण निघतं. तिथे कितीही महागाचा शाफ्ट घातला तरी तो तुटायचा थांबत नाही, थोडा उशिरा तुटतो एवढंच.

इथलं बरंचसं सॉलिड एक्सलबद्दल (दोन्ही चाकांना जोडणारी एकच कडक ट्यूब) आहे: डाना ३०, डाना ४४, डाना ६० यांसारखे एक्सल, ज्यांत चाकाजवळ क्रॉस असतो, म्हणजे यू-जॉइंट. जुन्या लँड क्रूझर किंवा सुझुकी जिम्नीसारख्या गाड्यांत सॉलिड एक्सल असूनही चाकाजवळ गोळ्यांचा सीव्ही जॉइंट (वळणातही एकसारख्या वेगाने फिरणारा) असतो. इंडिपेंडंट सस्पेन्शनच्या गाड्यांत दोन्ही टोकांना सीव्ही असतात. जिथे फरक पडतो तिथे तसं लिहिलं आहे.

लक्षणं

- वळताना चाकाच्या वेगाबरोबर वाढणारी कटकट. सीव्ही जॉइंट झिजल्याची ही नेहमीची खूण.
- सरळ जाताना बारीक चिवचिव, वेग वाढला की वाढणारी. क्रॉसच्या कपातलं ग्रीस संपलं आणि निडल (बेअरिंगचे बारीक रोलर) कोरड्या फिरायला लागल्या की हा आवाज येतो. फ्री-व्हील हब (चाक शाफ्टपासून सोडवता येणारा हब) नसलेल्या गाडीत जॉइंट टू-व्हीलमध्येही फिरतच असतो, त्यामुळे तो रस्त्यावरही ऐकू येतो.
- क्रॉसच्या कपाभोवती लालसर तपकिरी पूड. आतल्या निडलचा गंज बाहेर पडतोय.
- रिव्हर्स टाकून सोडताना किंवा पुन्हा पुढे घेताना ‘ठक्’. हे लक्षण फसवं आहे. प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस, इंजिनाचं माउंटिंग, सस्पेन्शनचा बुश, कुणीही हाच आवाज काढतं.
- रिमच्या आतल्या बाजूला ग्रीसचे फटकारे. सीव्हीचा बूट फाटला.
- एक्सल ट्यूबच्या टोकातून गिअर ऑइल ठिबकतंय, आणि तेही नेहमी एकाच बाजूने.
- फोर-व्हील लागलंय, पण पुढचं एकही चाक ओढत नाही. ओपन डिफरेन्शियलमध्ये एका बाजूचा शाफ्ट तुटला की सगळं फिरणं तुटक्या बाजूला निघून जातं आणि चांगली बाजूही गप्प बसते.
- खाडकन आवाज, आणि त्यानंतर स्टिअरिंग जड किंवा अडकल्यासारखं. हे लक्षण दिसलं की गाडी तिथेच उभी करायची. तुटलेला योकचा (क्रॉस धरणाऱ्या दुशाखी टोकाचा) कान नकलमध्ये (स्टिअरिंगबरोबर वळणाऱ्या, चाक धरणाऱ्या भागात) आडवा अडकून स्टिअरिंग पूर्ण बंद पाडू शकतो. पुढचं तपासायचं ते गाडी टो करून आणल्यावर.

तपासणी: फुकटातलं आधी

पहिलं काम लिहून काढायचं. कोणती बाजू, शाफ्टचा कोणता भाग, स्टिअरिंग किती वळलेलं होतं, लॉकर (दोन्ही बाजूंची चाकं एकत्र फिरवणारं डिफरेन्शियलचं कुलूप) लागला होता का, चाक हवेत होतं की खडकात अडकलेलं, गाडी पुढे जात होती की मागे. दोन-तीन तुटण्यांची अशी नोंद असली की निम्मं निदान तिथेच होतं. प्रत्येक वेळी स्टिअरिंग पूर्ण वळवलेलं आणि लॉकर लागलेला असेल, तर स्टॉप बोल्ट आणि पायाखालचा ॲक्सिलरेटर हे दोन संशयित. सरळ चढावर तुटत असेल तर ट्यूब, हब किंवा चाकांची उडी. दोन्ही बाजू आलटून पालटून तुटत असतील तर मात्र गाडीच्या वजन-टायरपुढे शाफ्ट खरंच कमी पडतोय, आणि मोठा घ्यायला हरकत नाही. तुटलेले तुकडे फेकू नका, ते पुढे लागतील.

मग टॉर्च घेऊन गाडीखाली. क्रॉसचे चारही कप बघा: क्लिप जागेवर आहेत का, एखादा कप योकच्या कानातून बाहेर सरकलाय का, पूड दिसते का. शाफ्ट हाताने पिळून बघा. जॉइंटमध्ये जाणवेल इतका झोल असेल तर तो क्रॉस संपला. सीव्हीच्या बुटाच्या घड्या बोटाने फाकवून बघा, कारण भेग नेहमी घडीच्या तळाशी पडते आणि वरवर बूट नवा दिसतो. लँड क्रूझरसारख्या बंद नकलमध्ये ग्रीस भरायचा प्लग काढून आत काडी घाला. आत घट्ट ग्रीसऐवजी काळं पातळ कालवण निघालं, तर एक्सलचं आतलं सील गेलंय आणि गिअर ऑइल ग्रीसमध्ये मिसळतंय. असा जॉइंट मजबूत जातीचा असला तरी लवकर झिजतो.

त्यानंतर गोल फेऱ्या. मोकळ्या, सैल मातीच्या जागेवर, हब लॉक करून पण गाडी टू-व्हीलमध्ये ठेवून, स्टिअरिंग पूर्ण डावीकडे वळवून सावकाश फिरवा, मग उजवीकडे. नंतर त्याच मातीवर फोर-व्हीलमध्ये. सीव्हीचा आवाज बहुधा वळणाच्या बाहेरच्या चाकाकडून येतो. ही परीक्षा कोरड्या डांबरावर फोर-व्हीलमध्ये करू नका. पार्ट-टाइम फोर-व्हीलमध्ये वळताना पुढच्या आणि मागच्या चाकांना वेगवेगळं अंतर कापायचं असतं, ट्रान्सफर केस तो फरक सोडत नाही, आणि साठलेला पीळ झटक्यांनी सुटतो. त्या धक्क्यांना जॉइंटचा दोष समजून चांगले जॉइंट बदललेले मी पाहिले आहेत. आपोआप सुटणाऱ्या काही लॉकरचाही वळताना टकटक आवाज येतो, तो दोष नव्हे.

स्टॉप बोल्ट

इथे थोडं थांबायला हवं, कारण सगळ्यात स्वस्त दुरुस्ती इथे आहे आणि सगळ्यात जास्त दुर्लक्षही इथेच होतं.

क्रॉसचा जॉइंट सरळ असताना आतल्या शाफ्टचा वेग जसाच्या तसा बाहेर जातो. वळवला की तसं राहत नाही. आतला शाफ्ट एकसारख्या वेगाने फिरत असला तरी बाहेरचा स्टब (चाकाकडचा आखूड शाफ्ट) प्रत्येक फेरीत दोनदा पुढे धावतो आणि दोनदा मागे पडतो. ३० अंशांच्या कोनात हा वेग मूळच्या ०.८७ ते १.१५ पटींत खालीवर होतो, ४० अंशांत ०.७७ ते १.३१ पट. टॉर्कही त्याच प्रमाणात हेलकावे खातो. म्हणजे स्टिअरिंग पूर्ण वळवून ॲक्सिलरेटर दाबला की आतल्या शाफ्टवर जेवढा ताण आहे त्याच्यापेक्षा जवळजवळ पाव ते एक तृतीयांश जास्त ताण स्टबवर अधूनमधून येतो, आणि शिवाय योकचे कान बाहेर फाकवणारं बळ वेगळं. सरळ चालताना वर्षानुवर्षं टिकणारा शाफ्ट वळणात एका दमात जातो तो यामुळे.

त्यात कोन इतका वाढला की दोन योकचे कान एकमेकांना टेकायला लागले, तर जॉइंट जॉइंट राहत नाही, पहार होतो. मग तुटण्यासाठी लॉकरचीही गरज लागत नाही.

तपासायचं असं. मागच्या चाकांना ठोकळे लावा, पुढचा एक्सल दोन्ही बाजूंनी स्टँडवर घ्या, नुसत्या जॅकवर नको. हब लॉक, ट्रान्सफर केस न्यूट्रलला. स्टिअरिंग एका टोकापर्यंत वळवा आणि चाक हाताने सावकाश फिरवा. टॉर्चच्या उजेडात कानांमध्ये फट दिसली पाहिजे. फेरीत दोनदा चाक अडखळत असेल, किंवा कानांच्या कडांवर चमकदार घासल्याच्या खुणा असतील, तर स्टॉप बोल्ट एक-दोन आटे बाहेर काढून लॉकनट घट्ट करा आणि पुन्हा फिरवून बघा. दोन्ही बाजू वेगवेगळ्या तपासाव्या लागतात. टर्निंग सर्कल किंचित वाढेल, ते सहन करा. रुंद टायर किंवा स्पेसर घालताना कुणीतरी हा बोल्ट हलवलेला असणं, किंवा तो पूर्ण गायब असणं, हे मला आता नवल वाटत नाही.

इंडिपेंडंट सस्पेन्शनमध्ये याच जागी गाडी किती उचलली आहे ते बघायचं. लिफ्ट किटने सीव्हीचा कोन उभ्या गाडीतच वाढतो, आणि चाक खाली लोंबकळलं की शेवटाला पोचतो. चाक पूर्ण लोंबकळत ठेवून, स्टिअरिंग वळवून, हाताने फिरवा. अडखळलं तर शाफ्टआधी लिमिट स्ट्रॅप (चाक फार खाली लोंबकळू न देणारा पट्टा) घाला किंवा लिफ्ट कमी करा. मजबूत शाफ्टने कोन कमी होत नाही.

हब, बॉल जॉइंट आणि उडी मारणारा एक्सल

गाडी स्टँडवर आहेच, तर चाक वर-खाली धरून हलवा, मग डावी-उजवीकडे. वर-खाली झोल असेल तर व्हील बेअरिंग किंवा बॉल जॉइंट; आडवा झोल असेल तर टाय रॉडचं टोकही संशयात घ्या. दुसऱ्याने चाक हलवावं आणि तुम्ही नकलकडे बघावं, नेमकं काय हलतंय ते लगेच कळतं. याचा शाफ्टशी संबंध असा: स्टबचा मध्य आणि नकलचा मध्य एका रेषेत राहिले नाहीत, तर क्रॉस दर फेरीला थोडा तिरका ओढला जातो.

सीलबंद युनिट बेअरिंगच्या एक्सलमध्ये आणखी एक गोष्ट आहे, आणि ही जिवाशी संबंधित आहे. तिथे स्टब शाफ्ट आणि त्याचा मोठा नट मिळून बेअरिंग एकत्र दाबून धरतात. शाफ्ट तुटला म्हणून स्टब काढून, रिकाम्या हबवर गाडी चालवली तर बेअरिंग सुटून चाक निखळू शकतं. घरी यायचं असेल तर आतला तुटका शाफ्ट आणि क्रॉस काढा, स्टब मात्र परत घालून नट पुस्तकातल्या टॉर्कला आवळा, आणि ट्यूबच्या तोंडात स्वच्छ फडका घट्ट कोंबा, नाहीतर डिफरेन्शियलचं ऑइल वाटेत सांडेल. टू-व्हीलमध्ये, सावकाश.

उडीबद्दल थोडक्यात. चढावर चाकं पकडतात, सुटतात, पुन्हा पकडतात आणि गाडीचं नाक थडथड उडायला लागतं. त्या प्रत्येक पकडीला फिरत्या चाकाचा सगळा जोर शाफ्टवर आदळतो. मेलेले कंट्रोल आर्मचे बुश, सैल यू-बोल्ट, थकलेले शॉक, फाटलेलं इंजिन माउंटिंग, ही त्याची कारणं. सगळी शाफ्टपेक्षा स्वस्त. आणि उडी सुरू झाली की पाय उचलायचा, हा यातला सगळ्यात स्वस्त उपाय.

वाकलेली ट्यूब

एकाच बाजूचं सील पुन्हा पुन्हा गळतंय आणि शाफ्टही त्याच बाजूचा तुटतोय, ही जोडी दिसली की मी आधी ट्यूबवर संशय घेतो. गाडी उंचावरून आपटली की ट्यूब किंवा तिच्या टोकाचा सी-आकाराचा भाग वाकतो, डोळ्यांना दिसणार नाही इतका. पण शाफ्ट मग प्रत्येक फेरीत एकदा वाकतो आणि सरळ होतो. हजारो फेऱ्यांनी पोलादाला थकवा येतो आणि एक दिवस तो साध्या रस्त्यावर जातो.

घरच्या घरी तीन गोष्टी बघता येतात. एक, शाफ्ट ट्यूबमधून आत जाताना न झगडता सरकला पाहिजे. स्प्लाइनमध्ये (टोकाच्या दात्यांत) बसताना वर-खाली उचलावा लागत असेल तर काहीतरी वाकलंय. दोन, आत बसलेला शाफ्ट ट्यूबच्या तोंडाशी मधोमध दिसतो का. तीन, व्हील अलाइनमेंट करून घ्या आणि दोन्ही बाजूंचा कॅम्बर ताडून बघा. सॉलिड एक्सलमध्ये तो शून्याच्या आसपास असतो आणि सहसा बदलता येत नाही, त्यामुळे एका बाजूचा ठळकपणे वेगळा आकडा आला तर वाकल्याचा तो पुरावाच समजा.

ट्यूब सरळ करणं, आत स्लीव्ह घालणं किंवा वरून ट्रस वेल्ड करणं हे काम स्वतः करू नका. वेल्डिंगच्या उष्णतेने ट्यूब आणखी ओढली जाते. ज्याच्याकडे जिग आहे आणि ज्याने एक्सल हाउसिंगची कामं केली आहेत अशाच माणसाकडे द्या.

तुकडे वाचायला शिका

आता ठेवलेले तुकडे काढा. तुटलेल्या तोंडावर गिअर ऑइल पुसून तिरप्या उजेडात बघा.

तोंड शाफ्टला काटकोनात, बऱ्यापैकी सपाट आणि वर भोवऱ्यासारखे वळ: शाफ्ट पिळून पिळून तुटला, म्हणजे एका झटक्यात क्षमतेपेक्षा जास्त टॉर्क आला. ४५ अंशांच्या आसपास तिरकं, नागमोडी तोंड: पोलाद कठीण पण ठिसूळ होतं, फार न पिळताच गेलं. तोंडाच्या एका कडेपासून सुरू होणाऱ्या कमानीसारख्या रेषा आणि उरलेला भाग खरबरीत: भेग बऱ्याच दिवसांपासून वाढत होती, शेवटचा झटका निमित्त. या तिसऱ्या प्रकारात दोष ड्रायव्हरचा नाही. ट्यूब, हब, किंवा शाफ्टवर पडलेला ओरखडा शोधा.

योकचा कान तुटला असेल तर आधी क्लिप गेली का ते विचारा. बऱ्याचदा घटना अशी घडते: कान थोडे फाकतात, अर्धवट वळशाची मूळ क्लिप उडते, कप बाहेर सरकतो, क्रॉस तिरका होतो आणि मग तो कान फोडतो. शेवटी सापडतो तो तुटका कान, म्हणून शाफ्ट कच्चा होता असं वाटतं. नवा कप जुन्या योकमध्ये बसवताना व्हाइस किंवा प्रेसचा जोर लागला पाहिजे. अंगठ्याने आत गेला तर ते भोक ताणलेलं आहे आणि तो योक, म्हणजे तो शाफ्ट, भंगारात. कपाला वेल्डचे टाके मारायचा जुगाड लोक करतात. मी करत नाही. पुढच्या वेळी क्रॉस बदलता येत नाही, आणि योकची हीट ट्रीटमेंट त्या जागी मरते.

डिफरेन्शियलचं कव्हर उघडायची वेळ शेवटी येते. चुंबकावर करडी पेस्ट असेल तर नेहमीचं. दाताचा तुकडा, कपची, किंवा शाफ्टच्या स्प्लाइनचा टवका आत असेल तर इथे थांबा. क्राउन-पिनियन (डिफरेन्शियलचे मुख्य गिअर) बसवताना बॅकलॅश (दातांमधली फट) डायल गेजवर जुळवावा लागतो, अंदाजाने नाही. हे काम एक्सलच्या कारागिराचं.

वरचं सगळं ठीक निघालं, तर शाफ्ट निवडू

आधी एक हिशोब. इंजिनाचा टॉर्क ३०० न्यूटन-मीटर, पहिला गिअर ४, लो रेंज २.७२, क्राउन-पिनियन ४.१०. गुणाकार साधारण १३,४०० न्यूटन-मीटर, निम्मा पुढे धरला तर ६,७०० (घर्षण सोडून). लॉकर लागलेला आणि एक चाक हवेत असेल, तर हे सगळं एका शाफ्टवर यायला मोकळं आहे. पण चाकावर ६०० किलो वजन, ३३ इंची टायर आणि ०.८ ची पकड धरली, तर टायर साधारण २,००० न्यूटन-मीटरलाच घसरायला लागतो. म्हणजे एरवी शाफ्टचं रक्षण इंजिन नाही, टायरचं घसरणं करत असतं. चाक खडकाच्या फटीत अडकलं की ते रक्षण संपतं. हवेत वेगाने फिरणारं चाक जमिनीवर उतरलं तरीही.

म्हणून कोणता शाफ्ट हे ठरवताना इंजिन किती ताकदीचं हा प्रश्न तिसरा. पहिला, टायर किती मोठा आणि गाडी किती जड. दुसरा, पुढे लॉकर आहे का. ३३ वरून ३७ इंचावर गेलात तर टायर शाफ्टला पिळण्याची ताकद नुसत्या त्रिज्येनेच १२ टक्के वाढते, वजनाचा धक्का वेगळा.

पोलादाबद्दल एक गैरसमज सगळीकडे आहे. क्रोमोली शाफ्ट कमी पिळतो असं लोक मानतात. तसं नाही. पिळाला होणारा विरोध सगळ्या पोलादांत जवळपास सारखाच असतो, साधारण ८० गिगापास्कल. त्याच जाडीचा साधा आणि क्रोमोली शाफ्ट तेवढ्याच टॉर्कला तेवढाच पिळतो. फरक हा की क्रोमोली कितीतरी पुढपर्यंत पिळून परत सरळ होतो, साधा त्याआधीच कायमचा वाकडा राहतो. ४१४० आणि ४३४० ही दोन्ही क्रोमोली म्हणून विकली जातात. शेवटचे दोन आकडे कार्बनचे, दोन्हीत साधारण ०.४० टक्के. पण ४३४० मध्ये वर सुमारे पावणेदोन ते दोन टक्के निकेल असतं, जे जाड तुकड्यात आतपर्यंत कठीणपणा आणि धक्का झेलायचा चिवटपणा देतं. पुढच्या शाफ्टला मी ४३४० च सांगतो. ३००एम ही त्याच घराण्यातली, सिलिकॉन आणि व्हॅनेडियम वाढवलेली जात; स्पर्धेच्या गाड्यांना ठीक, बाकीच्यांना तो पैसा दुसरीकडे जास्त उपयोगी पडतो. आणि नुसता नंबर सांगणाऱ्याला हीट ट्रीटमेंट कशी केली आहे ते विचारा. उत्तर देता येत नसेल तर पुढे जा.

खरी ताकद जाडीत आहे. पीळ झेलायची क्षमता व्यासाच्या घनाने वाढते. ३० स्प्लाइनचा शाफ्ट १.३१ इंची असतो, ३५ स्प्लाइनचा १.५० इंची. ऐकायला फरक किरकोळ, पण त्याच पोलादात ताकद दीडपट. फक्त ३५ ला जायचं तर लॉकर किंवा साइड गिअरही बदलावे लागतात, आणि एक्सलमध्ये तेवढी जागा हवी.

माझी शिफारस साधारण अशी. मूळ मापाच्या जवळचे टायर, पुढे ओपन डिफरेन्शियल: मूळ शाफ्टच ठेवा, चांगला क्रॉस आणि पूर्ण वळशाच्या क्लिप घाला. डाना ३० आणि ४४ वर पूर्वी ५-२९७एक्स हा स्पायसरचा क्रॉस चालायचा. ५-७६०एक्स त्याच मापात बसतो, कोल्ड-फोर्ज्ड आहे, आणि ग्रीस निपलचं भोक नसल्यामुळे क्रॉस पोकळ नाही. निपल नसलेला क्रॉस ताकदीला सरस, पण रोज पाण्या-चिखलातून जाणाऱ्या गाडीला निपलवाला जास्त टिकू शकतो. वापर बघून ठरवा.

पुढे लॉकर आणि ३३ ते ३५ इंची टायर: त्याच स्प्लाइनचे ४३४० चे शाफ्ट, आत-बाहेर दोन्ही तुकडे. फक्त आतला बदलून बाहेरचा स्टब जुना ठेवला तर पुढच्या वेळी स्टब जाईल. ३७ च्या पुढे, लॉकरसह, खडकांत: डाना ३० वर पैसे घालू नका. तिथे शाफ्ट वाचला तर क्राउन-पिनियन जातं, आणि ते रानात बदलता येत नाही. या मुद्द्यावर मी हट्टी आहे: क्रॉस हा एक्सलमधला सगळ्यात स्वस्त आणि रानात बदलता येणारा तुकडा आहे, तोच आधी तुटावा अशी सगळी रचना ठेवा.

सॉलिड एक्सलसाठी सीव्ही जॉइंटचे शाफ्टही मिळतात. वळणात त्यांचा वेग हेलकावत नाही, पूर्ण वळवलेल्या स्टिअरिंगवरही ताकद फारशी कमी होत नाही. घट्ट वळणांत लॉकर लावून चालवणाऱ्याला फरक स्पष्ट जाणवतो. उलट बाजू: बूट सांभाळावा लागतो, आणि मोडलाच तर खिशातला क्रॉस घालून भागत नाही.

मागवताना मापं पक्की करा. दोन्ही टोकांच्या स्प्लाइन, दोन्ही बाजूंची वेगवेगळी लांबी (डिफरेन्शियल मधोमध नसतं), क्रॉसचं माप, एबीएसची दातेरी रिंग बसायची जागा. जुन्या डाना ३० मध्ये लांब बाजूचा शाफ्ट व्हॅक्यूम डिसकनेक्टमुळे दोन तुकड्यांत असतो. एकसंध शाफ्ट घालायचा असेल तर सील आणि फोर्कची सोयही सोबत लागते.

बसवणं घरी करायला हरकत नाही, पण थांबायच्या जागा ठरलेल्या आहेत. युनिट बेअरिंग नकलमध्ये गंजून बसलंय आणि हातोड्याशिवाय हलत नाही: थांबा. बॉल जॉइंट प्रेस करायचे आहेत आणि प्रेस नाही: थांबा. नकल किंवा सी-भागावर भेग दिसली: थांबा, गाडी चालवतही नेऊ नका. ब्रेकचा पाइप उघडावा लागला आणि हवा काढायची सवय नाही: थांबा. आणि वरचं सगळं तपासून, मोठा शाफ्ट घालूनही तीच बाजू पुन्हा तुटली, तर आणखी मोठा मागवू नका. हाउसिंग बाहेर काढून मापून घेणाऱ्या कारागिराकडे द्या.

नवा शाफ्ट आत घालण्याआधी त्याच्या पूर्ण लांबीवर पांढऱ्या रंगाची एक सरळ रेघ मारा. पहिल्या कठीण फेरीनंतर हबचे बोल्ट आणि मोठा नट टॉर्क पान्याने पुन्हा तपासा, आणि पुढे कधी शाफ्ट बाहेर काढाल तेव्हा ती रेघ बघा. सरळ असेल तर शाफ्ट निरोगी. जिन्याच्या कठड्यासारखी वळत गेली असेल तर तो आपल्या मर्यादेपलीकडे गेलाय, अजून तुटला नसला तरी. तो पुन्हा कामाला लावू नका. फार तर घरी पोचण्यापुरता स्पेअर म्हणून गाडीत ठेवा, वर ‘पिळलेला’ असं लिहून.